जोयडा परिसरातील सिद्दी खेळाडू आणि मैदानानंतरचे आयुष्य : १९८७च्या क्रीडायोजनेचा ऐतिहासिक मागोवा

मराठी वाचकाला ‘सिद्दी’ हा शब्द इतिहासाच्या पुस्तकातून परिचित असतो. जंजिऱ्याचा सिद्दी, त्याचा अजिंक्य राहिलेला जलदुर्ग आणि निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) एवढ्यावर हा परिचय बहुधा संपतो. शब्दाचे मूळ अरबी ‘सय्यिदी’, म्हणजे ‘माझे स्वामी’, असे मानले जाते. त्याला पर्याय म्हणून वापरला जाणारा ‘हबशी’ हा शब्द ‘हबश’ म्हणजे अॅबिसिनिया या देशनामावरून आला आणि मराठीत येता येता त्याला हेटाळणीचा वास लागला. एकच समाज एका शब्दात स्वामी आणि दुसऱ्या शब्दात उपहासाचा विषय व्हावा, ही भाषेची गंमत नसून इतिहासाची नोंद आहे.

परंतु ज्या सिद्दींचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे, त्यांच्या वाट्याला ना किल्ला आला ना वजिरी. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड आणि अंकोला या तालुक्यांच्या रानात विखुरलेल्या वाड्यांमधून हा समाज राहतो. पोर्तुगीज आणि अरब व्यापाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेल्या गुलामांचे हे वंशज होत. गोव्यातून निसटलेल्या गुलामांना सह्याद्री ओलांडला की पहिला आसरा मिळे तो याच अरण्यात. आजही गोव्याहून अनमोड घाट चढून आल्यावर लागणारा पहिला मुलूख जोयडा तालुक्याचाच आहे. या समाजात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती अशी तिन्ही धर्मांची घरे आहेत. घरात कोकणी, बाजारात मराठी, शाळेत कन्नड आणि मुसलमान सिद्दींमध्ये उर्दू, असा त्यांचा भाषाव्यवहार आहे. २०११च्या जनगणनेत कर्नाटकातील सिद्दींची संख्या १० हजारांहून थोडी अधिक नोंदली गेली.

या समाजातील शाळकरी मुलामुलींना १९८७ साली केंद्र शासनाच्या एका योजनेने उचलून बंगळूरच्या क्रीडा प्रशिक्षण केंद्रात नेले. ऑलिंपिक पदक हे तिचे उद्दिष्ट होते. १९९३ साली सिद्दींपुरती ती योजना बंद पडली. या योजनेविषयी आजवर जे लिहिले गेले, त्याचा बहुतेक भर ‘पदक का आले नाही’ या प्रश्नावर राहिला आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, नेलेल्या मुलांचे पुढे काय झाले? महाविद्यालयीन शिक्षकांच्या दृष्टीने तर हाच प्रश्न कळीचा आहे; कारण मैदान सुटलेला खेळाडू शेवटी प्रवेश, परीक्षा आणि नोकरीच्या अर्जाकडे वळतो, आणि त्या टप्प्यावर त्याची गाठ शिक्षकाशी पडते.

योजनेचा जन्म

१९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी मिळविलेल्या कांस्यपदकानंतर भारताला वैयक्तिक पदकासाठी १९९६पर्यंत वाट पाहावी लागली. १९८४ साली लॉस एंजेलिस येथे पी. टी. उषा हिचे पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. १९८६च्या सोल आशियाई स्पर्धेत भारताला एकूण ५ सुवर्णपदके मिळाली. त्यांपैकी ४ उषाच्या धावण्याशी निगडित होती आणि पाचवे मल्ल कर्तारसिंगचे होते. एका मुलीच्या पायांवर देशाचे क्रीडाविश्व उभे आहे, हे धोरणकर्त्यांना जाणवले. १९८४ साली स्थापन झालेल्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाने मग ‘स्पेशल एरिया गेम्स’ ही योजना आखली. आदिवासी, डोंगराळ आणि किनारपट्टीच्या प्रदेशांतील समाजांत जी अंगभूत कौशल्ये आहेत ती शोधावीत आणि त्यांना शास्त्रशुद्ध प्रशिक्षण द्यावे, अशी ही कल्पना होती. धनुष्यबाण वापरणाऱ्या आदिवासींतून तिरंदाज, ईशान्येतून मुष्टियोद्धे आणि सिद्दींतून धावपटू, अशी तिची मांडणी होती. त्या वेळी केंद्रात क्रीडा खात्याच्या राज्यमंत्री मार्गारेट अल्वा होत्या. त्या मूळच्या कर्नाटक किनाऱ्याच्या. पुढे १९९९ साली याच कारवार भागातून त्या लोकसभेवर निवडून आल्या.

कल्पनेच्या मुळाशी एक गृहीतक होते. सिद्दी हे आफ्रिकी वंशाचे, आफ्रिकी वंशाचे लोक जगभर धावण्यात पुढे, म्हणून सिद्दीही धावतील. वस्तुतः हे गृहीतक फार ठिसूळ होते. आफ्रिका हे एक गाव नव्हे. लांब पल्ल्याच्या शर्यतींत केनिया आणि इथिओपियाच्या ठरावीक पठारी भागांतील धावपटू चमकतात. कमी अंतराच्या शर्यती गाजविणाऱ्या अमेरिकन आणि कॅरिबियन धावपटूंचे पूर्वज बहुतांशी पश्चिम आफ्रिकेतील. सिद्दींचे पूर्वज यांपैकी कोणत्याही चौकटीत सरळ बसत नाहीत. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासात सिद्दींचे नाते आफ्रिकेतील बांटू समूहांशी असल्याचे, तसेच त्यांच्यात भारतीय व काही प्रमाणात युरोपीय वंशाचे मिश्रण झाल्याचे आढळले. मुद्दा एवढाच की, मुलांची निवड त्यांच्या चेहऱ्यावरून आणि केसांवरून सुचली होती. मैदानावरच्या चाचण्या झाल्या त्या त्यानंतर.

असे असले तरी योजनेला केवळ वंशवादी खूळ म्हणून निकालात काढणे न्याय्य होणार नाही. जोयडा तालुक्यातील त्या वर्षाची परिस्थिती पाहावी. काळी नदीवरील सूपा धरण पूर्ण झाले ते १९८७ सालीच. जुने तालुक्याचे गाव सूपा पाण्याखाली गेले, कचेरी जोयड्यास आली आणि अनेक विस्थापित कुटुंबे रामनगरला वसविली गेली. त्याच वर्षी अणशीचे अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले, म्हणजे रानावर जगणाऱ्यांचे रान आणखी आकसले. लोकसंख्या ५० हजारांच्या आसपास आणि पसारा मात्र घाटमाथ्यापासून खोल दऱ्यांपर्यंत, अशा या तालुक्यात माध्यमिक शाळा गाठणे हीच एक शर्यत होती. अशा वेळी सरकारची गाडी येते, मुलांना धावायला सांगते आणि निवडलेल्यांना दोन वेळचे पोटभर जेवण, बूट, कपडे आणि शहरातील शाळा देते, हे पालकांना अघटित वाटले असल्यास नवल नाही. जमीनदाराच्या शेतावर राबणाऱ्या बापाच्या दृष्टीने ऑलिंपिक हा शब्द परका होता. वसतिगृह आणि वजीफा हे मात्र त्याला समजत होते.

सहा वर्षे

योजनेतून काहीच निष्पन्न झाले नाही, ही समजूत चुकीची आहे. सिद्दी मुलामुलींनी राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धांत पदके मिळविली. कमला सिद्दी आणि जुजे जॅकी हर्णोडकर ही त्यांतील वृत्तपत्रवाचकांना परिचित झालेली नावे. हर्णोडकर यांनी पुढे सिद्दी मुलांच्या प्रशिक्षणातही लक्ष घातले.

मात्र या सहा वर्षांचा हिशेब वयाच्या अंगाने मांडला की योजनेतील मूळ दोष उघडा पडतो. १९८७ साली निवडलेले मूल १२ वर्षांचे धरले, तर १९९३ साली ते १८ वर्षांचे होते. कमी अंतराच्या शर्यतीतील धावपटूचा बहराचा काळ साधारणतः विशीच्या मध्यावर येतो. म्हणजे धावपटू म्हणून ज्या वयात फळ येण्याची शक्यता होती, त्याच्या पाच-सहा वर्षे आधी झाड तोडले गेले. पदक न येण्याचे कारण शोधणाऱ्यांना यापलीकडे फार दूर जाण्याची गरज नाही.

आता याच १८ या आकड्याकडे शिक्षकाच्या नजरेने पाहावे. हे वय बारावीचे. घरी कोकणी आणि पाड्यावरच्या शाळेत थोडेबहुत कन्नड शिकलेले मूल बंगळूरसारख्या शहरातील शाळेत बसले, सकाळ-संध्याकाळ मैदानावर धावले, आणि स्पर्धांच्या दिवसांत वर्गाबाहेर राहिले. त्याच्या अभ्यासाचे काय झाले असेल हे सांगावयास संशोधनाची आवश्यकता नाही. कोणत्याही महाविद्यालयातील क्रीडा विभागप्रमुख ते सांगू शकेल. वसतिगृह बंद होताना मुलाच्या हाती जे राहिले ते म्हणजे अर्धवट शाळा, काही प्रशस्तिपत्रे आणि शहराची सवय. जोयड्याच्या वाडीत या तिन्हींना काय मोल होते?

क्रीडामानसशास्त्रात ‘खेळाडू म्हणून असलेली ओळख’ अशी एक संकल्पना आहे. ब्रूअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली, म्हणजे योगायोगाने योजना बंद झाली त्याच वर्षी, ही ओळख मोजण्याची मापनश्रेणी मांडली. ज्याची स्वतःविषयीची सारी कल्पना खेळाभोवतीच बांधलेली असते, त्याला खेळ सुटताना अधिक मोठा धक्का बसतो, असे या विषयावरील अभ्यास सांगतात. विद्यार्थी, मुलगा, मित्र, कारागीर अशा इतर ओळखी शिल्लक असतील तर तो सावरतो. सिद्दी मुलांच्या बाबतीत ही गोष्ट दुहेरी झाली. त्यांना केवळ ‘तू धावपटू आहेस’ असे सांगितले गेले नाही. ‘तुझ्या रक्तातच धावणे आहे’ असे सांगितले गेले. अशा मुलाला स्पर्धेत हार पत्करावी लागली किंवा केंद्राचे दार बंद झाले, तर तो दोष प्रशिक्षणाचा न राहता त्याच्या रक्ताचा ठरतो. कौतुकाच्या भाषेत दडलेले हे ओझे आजही शाळा-महाविद्यालयांतून मुलांच्या डोक्यावर ठेवले जाते. ‘ही डोंगरातली पोरे, यांना अभ्यास काय सांगता, यांना पळवा’ हे वाक्य आपल्याकडे सहानुभूतीनेच उच्चारले जाते, हे विशेष.

नोकरी हेच खरे पदक

योजनेतील ज्यांचे आयुष्य मार्गी लागले, त्यांना आधार मिळाला तो खेळाडूंसाठीच्या सरकारी नोकऱ्यांचा. केंद्र शासनाने ४ ऑगस्ट १९८० रोजी काढलेल्या आदेशानुसार खालच्या दोन वर्गांतील पदांवर गुणवान खेळाडूंची थेट नेमणूक करण्याची सोय झाली होती. ही सोय कशी चालते हे शिक्षकांनी नीट समजून घेण्यासारखे आहे. राष्ट्रीय स्पर्धेत राज्याचे, आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचे किंवा राष्ट्रीय शालेय स्पर्धेत राज्याच्या शालेय संघाचे प्रतिनिधित्व केलेले असले पाहिजे, आणि प्रत्येक पातळीसाठी ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र ठरावीक अधिकाऱ्याच्या सहीने सादर झाले पाहिजे. स्पर्धेच्या मांडवात वाटलेले रंगीत प्रशस्तिपत्र येथे चालत नाही. राज्य संघटनेच्या सचिवाची, विद्यापीठाच्या क्रीडाधिकाऱ्याची किंवा शिक्षण खात्याच्या संचालकाची सही असलेला कागद लागतो. वयात सवलत आहे, पण शैक्षणिक पात्रतेत नाही. दहावी लागत असेल तर दहावीच लागते.

म्हणजेच शाळा सुटलेल्या खेळाडूसाठी ही वाट अर्धीच उघडी होती. ज्यांनी परीक्षा पार केल्या आणि कागद जपले ते सरकारी खात्यांत लागले. ज्यांचा कागद कुठे तरी राहिला ते परत गावी आले. धावण्याच्या वेगात या दोघांत फार अंतर असेलच असे नाही.

दुसरा आधार अनुसूचित जमातीच्या आरक्षणाचा असू शकला असता; परंतु त्याचा काळ पाहिला की मन खिन्न होते. कर्नाटकातील सिद्दींचा अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश झाला तो २००३ साली, आणि तोही केवळ उत्तर कन्नड जिल्ह्यापुरता. धारवाड आणि बेळगाव जिल्ह्यांतील सिद्दींना २०२०पर्यंत थांबावे लागले. हल्याळची हद्द ओलांडून कलघटगीस गेले की तोच सिद्दी, तीच भाषा, तेच आडनाव, पण जमातीचा दाखला नाही, अशी स्थिती १७ वर्षे होती. १९८७ साली १२ वर्षांचे असलेले मूल २००३ साली २८ वर्षांचे झाले होते. बहुतेक सरकारी भरतीची वयोमर्यादा तोवर हाताशी आलेली असते.

याच योजनेतून आलेल्या इतर दोघांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. मणिपूरचा डिंको सिंग अनाथाश्रमात वाढला. याच ‘स्पेशल एरिया गेम्स’ योजनेच्या प्रशिक्षकांनी त्याला हेरले. पुढे तो नौदलात गेला. पगार, राहणे, वैद्यकीय सोय, सराव आणि निवृत्तीनंतरची शाश्वती एकाच छपराखाली मिळाल्यावर १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याने मुष्टियुद्धात सुवर्णपदक जिंकले. नंतर तो प्रशिक्षक झाला. २०२१ साली कर्करोगाने, अवघ्या ४२व्या वर्षी, त्याचे निधन झाले. राजस्थानातील आदिवासी तिरंदाज लिंबाराम हाही १९८७च्या चाचण्यांतून पुढे आला. पुढच्याच वर्षी तो सोल ऑलिंपिकला गेला आणि १९९२ साली बीजिंग येथे त्याने जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. अर्जुन पुरस्कार आणि पद्मश्री मिळूनही त्याची पुढील वर्षे दीर्घ आजारपणात गेली आणि उपचारांसाठी शासकीय मदतीची वेळ आली. दोघांच्याही कौशल्याविषयी शंका नाही. फरक आहे तो खेळ चालू असतानाच दुसरे आयुष्य रचणारी संस्था पाठीशी असण्याचा.

महाराष्ट्रातील शिक्षकांना अशा संस्थेचे एक जुने रूप ठाऊक आहे. खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. ही कथा आपण अभिमानाने सांगतो, पण तिचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. ऑलिंपिक पदक विजेत्या या पदवीधर मल्लाला पोलीस खात्यात उपनिरीक्षकाची नोकरी मिळाली ती १९५५ साली, म्हणजे पदकानंतर तीन वर्षांनी. १९८४ साली अपघाती मृत्यू आला तोवर अर्जुन पुरस्कार मिळाला नव्हता. तो मरणोत्तर जाहीर झाला. तरीही शिक्षण आणि नोकरी यांमुळे घर उभे राहिले. पदक आणि शिक्षण दोन्ही असलेल्याची ही स्थिती, तर दोन्ही अर्धवट राहिलेल्या जोयड्याच्या मुलाची काय असेल?

आजची धावपट्टी

गेल्या दशकापासून उत्तर कन्नडमध्ये हालचाल पुन्हा सुरू झाली आहे. मुंडगोड येथे ‘ब्रिजेस ऑफ स्पोर्ट्स’ ही स्वयंसेवी संस्था सिद्दी आणि इतर समाजांतील मुलांना धावण्याचे प्रशिक्षण देते. हल्याळची कुस्तीची परंपरा जुनी. तेथील शासकीय क्रीडा वसतिगृहातून सिद्दी मुलीही आखाड्यात उतरल्या असून राज्य पातळीवर त्यांनी नाव कमावले आहे. ज्या समाजात मुलीने दहावीपर्यंत पोहोचणे हीच बातमी होती, तेथे हा बदल लहान नव्हे.

तथापि जुना प्रश्न जागेवरच आहे. जोयड्याच्या मुलाला पदवी शिक्षणासाठी बहुधा दांडेली, हल्याळ किंवा कारवार गाठावे लागते. खेळ सुटला की गोव्यातील हॉटेले आणि बांधकामे, किंवा गणेशगुडीच्या आसपास काळी नदीवर पर्यटकांच्या रबरी नावा वल्हविण्याचे हंगामी काम, एवढेच पर्याय दिसतात. यांत कमीपणा नाही. परंतु यांसाठी सहा वर्षे पहाटे चारला उठून धावण्याची आवश्यकताही नव्हती.

युरोपीय संघाने २०१२ साली खेळाडूंच्या ‘दुहेरी कारकिर्दी’विषयी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. खेळ आणि शिक्षण ही दोन कामे एकाच वेळी चालतील अशी वेळापत्रके, परीक्षांच्या पर्यायी तारखा आणि व्यवसाय-मार्गदर्शन यांची जबाबदारी त्यात शिक्षणसंस्थांवरही टाकलेली आहे. आपल्या महाविद्यालयांत मात्र खेळाडू विद्यार्थी म्हणजे क्रीडा कोट्यातून प्रवेश घेतलेला, हजेरीपटावर गैरहजर आणि निकालपत्रकात एटीकेटी असलेला, अशी त्याची ओळख असते. संघ जिंकून आला की त्याचा फोटो माहितीपुस्तिकेत छापला जातो. त्याचे आंतरविद्यापीठ सहभागाचे प्रमाणपत्र योग्य नमुन्यात आणि योग्य सहीने त्याला मिळाले की नाही, हे विचारणारे कोणी नसते. हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि वीस वर्षांनी ते करता येत नाही.

मानसिक स्वास्थ्याविषयीही असेच. दुखापत होऊन संघाबाहेर पडलेला विद्यार्थी वर्गात परत येतो तेव्हा तो सहसा मागच्या बाकावर बसतो, आणि काही आठवड्यांनी येईनासा होतो. त्याचे गैरहजर राहणे बेशिस्त म्हणून नोंदले जाते.

शासनाची दृष्टी थोडी बदलत आहे असे दिसते. १९९४ साली सुरू झालेली खेळाडूंची निवृत्तिवेतन योजना ऑलिंपिक, आशियाई, राष्ट्रकुल अशा मोठ्या स्पर्धांतील पदकविजेत्यांपुरती होती. राष्ट्रीय पातळीवर थांबलेल्या सिद्दी धावपटूला तिचा उपयोग नव्हता. २९ ऑगस्ट २०२४ रोजी, राष्ट्रीय क्रीडादिनी, केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने निवृत्त खेळाडूंसाठी ‘रीसेट’ हा प्रशिक्षण कार्यक्रम जाहीर केला. त्यात राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरील पदकविजेत्यांनाही स्थान आहे. विशेष म्हणजे त्यात दोन गट केलेले आहेत : बारावी व त्यापुढे शिकलेल्यांचा एक, आणि अकरावी व त्याखालील दुसरा. खेळाच्या पायी शाळा अर्धवट राहिलेल्यांचा एक वर्ग या देशात आहे, ही गोष्ट अशा रीतीने सरकारी कागदावर आली. वयोमर्यादा २० ते ५० वर्षे आहे. १९८७ साली बंगळूरला नेलेले १२ वर्षांचे मूल २०२४ साली ४९ वर्षांचे होते. त्याच्याबरोबर गेलेले १४ वर्षांचे मूल ५१ वर्षांचे.